अंगावरून वारे गेले, पण किती?

"डॉक्टर, लवकर चला. बापूंच्या अंगावरून वारं गेलंय!"

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी वस्तीवरचा एक मुलगा माझ्या दारात उभा राहून धापा टाकत होता. मी बॅग उचलली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. बापूंचे वय ६६. म्हशीची धार काढून साडेपाचला घरात आले, ओट्यावर बसले, आणि पावणेसहाच्या सुमारास चहाची कपबशी हातातून गळून पडली. मी पोहोचलो तेव्हा खाटेभोवती पंधरा माणसे जमली होती. कुणी म्हणत होते पित्त चढले, कुणी कांदा हुंगवत होते, आणि एक गृहस्थ तर अंगाला रक्त चोळायला पारवा आणण्यासाठी निघाले होते.

मी सगळ्यांना बाजूला केले आणि बापूंना विचारले, "बापू, हा महिना कोणता?"

मागून त्यांच्या मेहुण्यांचा आवाज आला, "अहो डॉक्टर, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही महिना काय विचारता!"

वाचकहो, त्या मेहुण्यांचा राग मला समजतो. पण डॉक्टर अशा वेळी महिना का विचारतो, हात वर करायला लावून मोठ्याने दहा आकडे का मोजतो, पायाला टाचणी का टोचतो, हे घराघरांत माहीत असायला हवे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

पूर्वी मोजून उपयोग नव्हता

आपण ज्याला अर्धांगवायू, पक्षाघात किंवा लकवा म्हणतो तो मुळात हाताचा किंवा पायाचा आजार नाही. तो मेंदूचा आजार आहे. मेंदूकडे रक्त नेणारी नळी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. पाच रुग्णांपैकी साधारण चौघांत ती बंद पडलेली असते, आणि उरलेल्यांत फुटून रक्तस्राव झालेला असतो. मेंदूच्या ज्या भागाचे रक्त तुटले, त्या भागाचे काम थांबते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि बहुतेकांचे बोलणेही तिच्याच ताब्यात असते. म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते.

मी १९९३ साली दवाखाना सुरू केला तेव्हा अशा रुग्णाला पाहून आम्ही चिठ्ठीवर एवढेच लिहीत असू: 'उजव्या बाजूचा अर्धांगवायू, रक्तदाब जास्त.' त्यापुढे सलाईन, रक्तदाबाच्या गोळ्या, मालिश आणि नशीब. वारे किती गेले हे काटेकोर मोजून करणार काय? मोजले तरी आणि न मोजले तरी उपचार तोच होता.

तिकडे अमेरिकेत मात्र मोजण्याची तयारी सुरू झाली होती. १९८९ साली थॉमस ब्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेशेजारी उभे राहून करायच्या तपासणीचा एक तक्ता प्रसिद्ध केला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नावावरून त्याला 'एनआयएच स्ट्रोक स्केल' म्हणतात. नवे औषध खरेच गुण देते का हे पाहायचे, तर आधी आजार मोजता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९९५ साली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यापासून तीन तासांच्या आत ते इंजेक्शन मिळालेल्यांत, तीन महिन्यांनी अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता इतरांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त दिसली. त्याचबरोबर शंभरांतील सुमारे सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्रावही झाला. म्हणजे औषध गुणाचे, पण धारेचे. ते कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवण्यासाठी मोजणे आलेच. २००८ पासून ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि २०१५ पासून मोठ्या नळीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचारही सिद्ध झाला.

त्यामुळे आज खाटेशेजारच्या त्या दहा मिनिटांना किंमत आली आहे.

खाटेशेजारची परीक्षा

या तक्त्यात ११ मुद्दे आहेत. शाळेच्या परीक्षेच्या अगदी उलटा हिशेब. इथे शून्य गुण म्हणजे उत्तम आणि ४२ म्हणजे सर्वांत वाईट. यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. हात, डोळे, कान, एक टाचणी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे पुरते. सराव झाला की पाच ते दहा मिनिटांत काम होते.

पहिली गोष्ट शुद्धीची. माणूस जागा आहे की हाक मारून उठवावा लागतो, हे पाहायचे. मग महिना आणि वय विचारायचे. नियम असा की पहिलेच उत्तर धरायचे आणि जवळपासचे उत्तर चालवून घ्यायचे नाही. इथे आपल्याकडे तीन अडचणी येतात. एक म्हणजे म्हातारी माणसे महिना पंचांगाप्रमाणे सांगतात. 'भाद्रपद' हे उत्तर बरोबर असेल तर मी ते बरोबरच धरतो. दुसरी अडचण वयाची. ज्यांनी जन्मतारीख कधी पाहिलीच नाही, त्यांना अचूक वय कसे सांगता येणार? तिथे मी गुण नियमाप्रमाणेच देतो, पण शेजारी लिहून ठेवतो की यांना पूर्वीही वय ठाऊक नव्हते. तिसरी अडचण नातेवाइकांची. प्रश्न बापूंना विचारला की उत्तर तीन बाजूंनी येते! कृपा करून सुचवू नका. परीक्षा रुग्णाची आहे.

मग दोन हुकूम: डोळे मिटा-उघडा, मूठ वळा-सोडा. इथे बोलणे समजते का ते कळते.

त्यानंतर डोळे. माझ्या बोटामागे नजर दोन्हीकडे फिरते का? दोन्ही बाजूंना, वर आणि खाली धरलेली बोटे दिसतात का? मेंदूतल्या काही झटक्यांत डोळे चांगले असूनही एका बाजूचे अर्धे जग दिसेनासे होते आणि माणसाला ते उमगतही नाही.

मग चेहरा. "दात दाखवा, भुवया चढवा, डोळे घट्ट मिटा." तोंड वाकडे आहे हे घरच्यांना आधी दिसते, पण किती वाकडे ते डॉक्टरने ठरवायचे.

आता हात. रुग्ण झोपलेला असेल तर हात ४५ अंशांवर, बसलेला असेल तर समोर ९० अंशांवर, तळवा खाली. मग मोठ्याने दहापर्यंत मोजायचे. हात स्थिर राहिला तर शून्य. खाली सरकला पण खाटेला टेकला नाही, तर एक. उचलण्याची धडपड दिसते पण हात खाटेवर येतो, तर दोन. उचलताच येत नाही, नुसता हलतो, तर तीन. हलतच नाही, तर चार. दोन्ही हात वेगवेगळे पाहायचे. पायांचेही तसेच, फक्त पाय ३० अंशांवर उचलून पाचच सेकंद मोजायचे.

पुढे नाकाला आणि माझ्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगायचे, टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून फिरवायला सांगायची. यात हालचालींचा तोल कळतो. मग टाचणी. दोन्हीकडे सारखी टोचते की एकीकडे बधिर लागते?

मग वाचा, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भाषा, म्हणजे शब्द सुचणे आणि समजणे. दुसरी उच्चार, म्हणजे जीभ जड होणे. मूळ अमेरिकन तक्त्यात भाषेसाठी स्वयंपाकघराचे एक चित्र आहे. पोरगा स्टुलावर चढून बिस्किटे चोरतो आहे आणि आईच्या मोरीतले पाणी भरून वाहते आहे. शिवाय हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि झोळी यांची नावे सांगायची असतात. उच्चारासाठी दिलेले इंग्रजी शब्द आमच्या वस्तीवरच्या माणसाने निरोगी असतानाही कधी उच्चारलेले नसतात. मी त्याऐवजी पंढरपूर, भाकरी, बटाटा असे रोजचे शब्द म्हणायला लावतो. एका शिकाऊ डॉक्टरने एकदा रुग्णाला 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणायला सांगितले होते. मी म्हटले, "अरे, ते तुला तरी येते का?" निरोगी माणूस जिथे अडखळतो, ती कसोटी कामाची नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत चमत्कारिक. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला तर काही रुग्णांना स्वतःची डावी बाजू आपली वाटतच नाही. दोन्ही हातांना एकदम स्पर्श केला तर फक्त उजवा सांगतात. ताटातली उजवीकडची भाजी खातात आणि डावीकडची तशीच ठेवतात. डावा हात लुळा पडलेला असताना "मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे" असे ठामपणे सांगतात. घरच्यांना वाटते, माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे, मग घाई कशाला? अशा रुग्णाच्या 'मी बरा आहे'वर विश्वास ठेवू नका. ते त्याच्या आजाराचे लक्षण असते.

बापूंचे गुण

बापूंची बेरीज अशी झाली. महिना बरोबर सांगितला, वय चुकले: १. चेहऱ्याचा उजवा खालचा भाग जवळजवळ गेलेला: २. उजवा हात खाटेवर पडला: २. उजवा पाय थोडा खाली सरकला: १. उजवीकडे टाचणी कमी लागली: १. शब्द शोधावे लागत होते: १. जीभ जड: १. एकूण ९. शून्य ते चार सौम्य, पाच ते पंधरा मध्यम, सोळा ते वीस बरेच गंभीर आणि त्यापुढे अतिगंभीर, असे साधारण मानले जाते. म्हणजे बापू मध्यम गटात होते.

त्याबरोबर आणखी दोन मोजमापे केली. बोटातून थेंब काढून साखर पाहिली: १४०. हे कधीही चुकवू नये, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब अर्धांगवायूसारखे चित्र दिसते आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसतो. रक्तदाब १७०/१०० होता. तो मी मुद्दाम उतरवला नाही.

मग शहरातल्या रुग्णालयाला फोन केला. पूर्वीचा मी म्हणालो असतो, "उजवी बाजू गेलेला पेशंट पाठवतोय." त्या दिवशी म्हणालो, "वय ६६, साडेपाचला चांगले होते, पावणेसहाला सुरुवात, गुण ९, साखर १४०, रक्तदाब १७०/१००, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही, आठपर्यंत पोहोचतील." या एका वाक्यावर तिकडे सीटी स्कॅनची खोली रिकामी ठेवली गेली. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. पावणेनऊच्या आत इंजेक्शन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी त्याच तक्त्याने पुन्हा मोजले तेव्हा गुण ३ होते.

हा आकड्याचा दुसरा उपयोग. 'काल बरे होते, आज जरा जास्त वाटते' हे बोलणे मोघम असते. काल ९ होते आणि आज १३ झाले, तर चार गुणांची ही वाढ म्हणजे धोक्याची घंटा, असे दिवसपाळीच्या आणि रातपाळीच्या दोन्ही डॉक्टरांना सारखेच कळते. मोठी नळी बंद असेल आणि गुण साधारण सहा किंवा जास्त असतील, तर तारेने गुठळी काढण्याचा विचार होतो. तो मुख्यतः पहिल्या सहा तासांत आणि काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो.

आकडा कुठे फसवतो

आता माझी एक चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत पन्नाशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. अचानक गरगरायला लागले होते, दोनदा उलटी झाली होती. रक्तदाबाचा जुना त्रास. मी त्यांना टेबलावर झोपवून तपासले. चेहरा सरळ, हात-पाय भक्कम, बोलणे स्पष्ट. गुण शून्य. मी उलटीचे इंजेक्शन दिले, पित्ताच्या गोळ्या लिहिल्या आणि घरी पाठवले. जाताना त्या मुलाच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून, पाय फाकवून चालत होत्या. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हाका मारूनही नीट जागत नव्हत्या. शहरात नेल्यावर कळले की लहान मेंदूत गुठळीमुळे मार बसला आहे आणि सूज वाढते आहे. शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला, पण आजही त्या भिंतीचा आधार घेऊन चालतात.

हा तक्ता मुख्यतः खाटेवर पडलेल्या माणसाचा आहे. उभे राहिल्यावरचा तोल त्यात मोजला जात नाही. म्हणून मेंदूच्या मागच्या भागातला झटका त्यात लपून राहू शकतो. त्या दिवसापासून चक्कर आलेल्या एकाही रुग्णाला चार पावले चालवून पाहिल्याशिवाय मी घरी सोडलेले नाही.

आणखी दोन फसव्या जागा आहेत. या तक्त्यात भाषेला बरेच गुण आहेत आणि डाव्या बाजूच्या विस्मरणाला कमी. त्यामुळे मेंदूच्या उजव्या भागात तेवढाच मोठा झटका आला तरी आकडा लहान दिसू शकतो. आणि आकडा लहान म्हणजे नुकसान लहान, असेही नाही. शिंप्याच्या उजव्या हाताला दोनच गुण लागले तरी त्याची रोजीरोटी गेली. म्हणून डॉक्टर आकड्याबरोबर माणूसही पाहतो. शिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे कोणताही आकडा सांगू शकत नाही. त्याला सीटी स्कॅनच लागतो.

घरच्यांनी काय करावे

वाचकांनी घरी ही ११ मुद्द्यांची परीक्षा घेत बसू नये. ते डॉक्टरचे काम. घरच्यांना चारच गोष्टी पुरतात: हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, आणि घड्याळ पाहा. पहिल्या तिन्हींत एकही वाकडी दिसली, किंवा अचानक तोल गेला, अचानक दिसेनासे झाले, तर निघायचे.

वेळ सांगताना 'कधी कळले' ती नव्हे, तर 'शेवटी चांगले कधी पाहिले' ती सांगा. सकाळी उठल्यावर कळले असेल, तर मी विचारतो, "रात्री लघवीला उठले होते का? तेव्हा नीट चालत गेले का?" चारला उठून नीट चालत गेले असतील, तर हिशेब चारपासून धरता येतो. नाहीतर तो आदल्या रात्री झोपल्यापासून धरावा लागतो, आणि इंजेक्शनची संधी कदाचित हुकते.

१०८ ला फोन करा. गाडी दारातच असेल तर वाट पाहत बसू नका. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही असलेल्या ठिकाणीच न्या. आधी फोन करून विचारा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद बरोबर घ्या. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा की वेळ आणि गुण त्यावर लिहा.

तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. ॲस्पिरिनची गोळी स्कॅनआधी देऊ नका; रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. जिभेखाली कॅप्सूल फोडून रक्तदाब झटकन उतरवण्याची जुनी पद्धत आता सोडा. आम्ही डॉक्टरांनीही ती पूर्वी पुष्कळ वापरली, पण दाब एकदम पडला की मेंदूला मिळणारे उरलेसुरले रक्तही कमी होते. आणि तो पारवा बिचारा झाडावरच राहू द्या. त्याच्या रक्ताने कुणाचा हात उचललेला नाही. वेळ मात्र जातो. २००६ साली जेफ्री सेव्हर यांनी मांडलेल्या हिशेबानुसार मोठी नळी बंद पडलेल्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात.

आणि एक शेवटचे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, आणि पंधरा मिनिटांत सगळे आपोआप ठीक झाले, तर देवाला नारळ जरूर फोडा, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गुण शून्य झाले तरी धोका शून्य झालेला नसतो. मोठा झटका येण्याची भीती पुढच्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असते.

बापू तीन महिन्यांनी दवाखान्यात आले ते चालत. शर्टाचे वरचे बटण अजून लावता येत नाही, पण धार काढतात. त्यांचे मेहुणे बरोबर होते. बापू खुर्चीत बसायच्या आत त्यांनीच विचारले, "बापू, हा महिना कोणता?"

हा मजकूर कापून कॅलेंडरच्या मागे लावून ठेवा. वेळ आली की शोधायला नको.